अजून एक पावस काढतले काय?

मे महिना उतरणीला लागला की मालवण-कसाल रस्त्यावरच्या टायरच्या दुकानांत एक प्रश्न दिवसातून दहादा कानावर पडतो. गिऱ्हाईक गाडीतून उतरतं, पुढच्या चाकाला चपलेच्या टोकाने ढोसतं आणि विचारतं, “ह्ये टायर अजून एक पावस काढतले काय?” दुकानदार उकिडवा बसतो, नक्षीवरून अंगठा फिरवतो आणि म्हणतो, “काढतले तसे, पण...” पुढचं सगळं त्या ‘पण’मध्ये.

टायरचं आयुष्य कंपन्या किलोमीटरमध्ये सांगतात. आपल्याकडे ते पावसाळ्यांत मोजतात. या प्रकरणासाठी मी जसजसा हिशेब मांडत गेलो तसतसं मला मालवणी मोजमापच खरं वाटू लागलं. का, ते कळायला आधी टायर नेमकं काय करतो ते पाहू.

१. चार तळहात

छोटी गाडी माणसांसकट ११०० किलोची धरू. म्हणजे एका चाकावर २७५ किलो. टायरमध्ये ३२ पौंड हवा आहे असं आपण म्हणतो, त्याचा अर्थ दर चौरस इंचाला ३२ पौंड, म्हणजे साडेचौदा किलो, एवढा दाब. आता भागाकार करा: २७५ भागिले साडेचौदा, उत्तर १९ चौरस इंच. गाडीचं एक चाक रस्त्याला टेकतं ते एवढ्याच जागेवर. आपला तळहात आणि अर्धी बोटं धरली तर साधारण तेवढीच जागा भरते.

म्हणजे आंबोलीच्या वळणावर, धुक्यात, डोक्यावर धबधबा आणि मागे एसटी असताना, तुमचं कुटुंब चार तळहातांच्या भरवशावर असतं. ब्रेक कितीही चांगले असोत, ते फक्त चाक थांबवतात. गाडी थांबवतो तो टायर.

२. खोडरबर आणि चप्पल

टायरचं रबर येतं कुठून हे बघायला आपल्याला फार लांब जावं लागत नाही. दोडामार्ग तालुक्यात केरळहून आलेल्या शेतकऱ्यांनी लावलेल्या रबराच्या बागा आहेत. झाडाच्या सालीवर तिरकी खाच आणि खाली वाटीत पडणारा पांढरा चीक तिथे पाहायला मिळतो. सीमा ओलांडली की गोव्यात फोंडा तालुक्यातल्या उसगावला एमआरएफचा टायर कारखाना. (हा फोंडा गोव्याचा. आपल्या कणकवली तालुक्यातलं फोंडाघाट वेगळं.)

नुसत्या चिकाचा टायर मात्र होत नाही. कच्चं रबर उन्हात चिकट आणि थंडीत ठिसूळ होतं. १८३९ साली अमेरिकेतल्या चार्ल्स गुडइयर यांना गंधक घालून तापवण्याची युक्ती सापडली, तेव्हा ते टिकाऊ झालं. आजच्या टायरमध्ये झाडाचं रबर, खनिज तेलापासून केलेलं रबर, काजळी, सिलिका, तेलं असा बराच मसाला असतो. काळा रंग काजळीचा. तिच्यामुळे रबर झिजायला चिवट होतं.

या मसाल्यात एक ओढाताण कायम असते. शाळेतलं खोडरबर आठवा. मऊ खोडरबर कागद छान धरतं, पण आठवड्यात संपतं. कडक खोडरबर वर्षभर पुरतं, पण कागदावरून नुसतं सरकतं. पावसाळी चपलांचंही तेच. जी चप्पल पाच वर्षं झिजत नाही, ती शेवाळलेल्या पायरीवर पहिला दगा देते. पकड, टिकाऊपणा आणि किंमत या तिन्ही गोष्टी एकाच टायरमध्ये सर्वांत चांगल्या मिळत नाहीत. सिलिका वापरून ओल्या रस्त्यावरची पकड आणि इंधनाची बचत यांची सांगड घालता येते, पण तो मसाला महाग पडतो. म्हणून कोणी ‘एक लाख किलोमीटर हमखास’ म्हणालं, तर पकडीचं काय, हा प्रश्न लगेच विचारावा.

३. नक्षी कशासाठी?

इथे एक गंमत आहे. कोरड्या डांबरावर नक्षीची फारशी गरजच नसते. शर्यतीच्या गाड्या कोरड्या दिवशी बिननक्षीचे टायर लावून धावतात. त्यामुळे एप्रिलमध्ये तुमचा गोटा झालेला टायर झकास चालतो, ब्रेकही लागतो, आणि ‘उगाच खर्च कशाला’ असं वाटतं. हीच फसगत आहे. नक्षी पकड देत नाही. ती पाण्याला वाट देते.

किती पाण्याला? समजा चौके सोडून तुम्ही मालवणकडे निघालात, ताशी ७० च्या वेगाने, आणि रस्त्यावर ३ मिलिमीटर पाणी आहे. चाक एका सेकंदात साडेएकोणीस मीटर पुढे जातं. टेकणारी रुंदी १५ सेंटीमीटर धरली, तर पुढच्या प्रत्येक चाकाला दर सेकंदाला पावणेनऊ लिटर पाणी बाजूला सारावं लागतं. दोन सेकंदांत एक मोठी बालदी! नक्षीच्या खोल चरांतून ते पाणी बाजूला जातं. चर उथळ झाले की पाणी टायरखालीच अडकतं, आणि मग टायर त्यावर होडीसारखा चढतो. स्टिअरिंग एकदम हलकं लागतं. त्या क्षणी गाडी कुठे जाणार हे तुमच्या हातात राहत नाही.

होडीचा दाखला मालवणात वेगळा समजावून सांगायला नको. रुंद, सपाट तळाची होडी पाण्यावर चटकन चढते, अरुंद तळाची पाणी कापत जाते. ‘रुंद टायर म्हणजे जास्त पकड’ हे कोरड्या रस्त्यापुरतं बरोबर आहे. साचलेल्या पाण्यावर रुंद टायर आधी तरंगतो. दिसायला भारी म्हणून दोन नंबर मोठे टायर चढवणाऱ्या तरुण मंडळींनी हे लक्षात ठेवावं. त्यांच्या वडिलांनीही.

४. आगकाडीची परीक्षा

आता मूळ प्रश्नाकडे. नव्या टायरच्या चरांची खोली साधारण ७ ते ८ मिलिमीटर असते. आपल्याकडच्या मोटार वाहन नियमांनुसार कारच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी चालत नाही. ही खोली डोळ्यांना दिसावी म्हणून चराच्या तळाशी जागोजाग रबराचे छोटे उंचवटे ठेवलेले असतात. टायरच्या बाजूला लहान त्रिकोण किंवा ‘टीडब्ल्यूआय’ अशी अक्षरं दिसतील तिथून सरळ वर नजर न्या. नक्षी त्या उंचवट्याला समपातळीला आली की टायर संपला.

पण १.६ ही कायद्याची शेवटची पायरी झाली. ओल्या रस्त्यावर थांबायला लागणारं अंतर ३ मिलिमीटरच्या खाली गेल्यावर झपाट्याने वाढू लागतं. जिथे वर्षाला ३०० सेंटीमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि आंबोलीत त्याच्याही दुप्पट, तिथे मी ३ मिलिमीटरलाच रेघ ओढतो.

मोजायला यंत्र नको. आगकाडीचं टोक चरात उभं घाला, नख लावून खूण करा आणि मुलाच्या कंपासपेटीतल्या पट्टीवर ठेवून बघा. एका टायरला तीन जागी मोजा: आतली कड, मध्य, बाहेरची कड. आतली कड वाकून बघायचा कंटाळा करू नका, ती गुपचूप संपलेली असते.

समजा माप आलं अडीच मिलिमीटर. आठ मिलिमीटरचा टायर १.६ वर यायला ४० हजार किलोमीटर लागले, तर ६.४ मिलिमीटर रबर गेलं. म्हणजे सव्वासहा हजार किलोमीटरला एक मिलिमीटर. जून ते ऑक्टोबर तुमची गाडी ४५०० किलोमीटर धावणार असेल तर पाऊण मिलिमीटर आणखी झिजेल आणि दसऱ्याला पावणेदोन उरेल. कायद्याने तुम्ही पास. पण गणपतीत, म्हणजे ऐन भाद्रपदातल्या सरींत, मुंबईहून येणाऱ्या पाचशे किलोमीटरच्या वाटेवर तुमच्याकडे दोनच मिलिमीटर असतील. दुकानदाराचा तो ‘पण’ हाच. उत्तर: हे टायर हा पावस काढूचे नाय.

तीन जागची मापं वेगवेगळी आली तर टायर आपली दुखणी सांगतोय. मध्य जास्त झिजला तर हवा जास्त राहिली. दोन्ही कडा झिजल्या तर कमी. एकच कड झिजली तर अलाइनमेंट गेलेलं आहे. ते न करता नवे टायर टाकणं म्हणजे गळकं कौल न बदलता भिंतीला रंग काढणं.

५. ‘पावसात हवा थोडी कमी ठेव’

हा सल्ला तुम्हालाही कोणीतरी दिला असेल. हवा कमी केली की टायर जास्त टेकतो, म्हणजे पकड वाढते, असा त्यामागचा विचार. रुतलेली गाडी तारकर्लीच्या वाळूतून काढायची असेल तर तो खरा आहे. पाण्यावर तो उलटा पडतो. नासाच्या वॉल्टर हॉर्न यांनी १९६०च्या दशकात विमानांच्या चाकांवर प्रयोग करून दाखवलं की चाक पाण्यावर तरंगू लागण्याचा वेग हवेच्या दाबावर अवलंबून असतो. त्यांच्या सूत्रात ३२ पौंड घातले तर उत्तर येतं ताशी ९४ किलोमीटर. २४ पौंड घातले तर ८२. झिजलेला आणि रुंद टायर याहूनही आधी तरंगतो, तेव्हा या आकड्यांवर पैज लावू नका. पण कल स्पष्ट आहे: हवा कमी, तर तरंगणं लवकर.

किती हवा भरायची तो आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो. टायरवर छापलेला मोठा आकडा टायर जास्तीत जास्त किती सोसेल त्याचा आहे, तो भरायचा नाही. आणि हवा सकाळी, टायर गार असताना बघावी. दहा अंश तापमान वाढलं की दाब दीड पौंडाने चढतो.

६. न झिजताही म्हातारा

किनाऱ्यावरच्या गावांत एक दृश्य नेहमीचं आहे. चाकरमान्याने गावच्या घरी गाडी ठेवलेली असते, ती गणपतीला, शिमग्याला आणि मेमध्ये निघते. आठ वर्षांत १५ हजार किलोमीटर. नक्षी अगदी नव्यासारखी, आणि मालक अभिमानाने सांगतो, “कंपनीचेच टायर आहेत अजून.”

त्या टायरच्या बाजूला नखाने जरा दाबून बघा. बारीक भेगा दिसतील, सुकलेल्या तळ्याच्या मातीसारख्या. ऊन, उष्णता आणि हवेतला ओझोन रबराला कडक करत जातात, गाडी चालो न चालो. उभ्या गाडीचं वजन महिनोन्महिने एकाच जागी पडून चाक तिथे चपटं होतं. खारा वारा रबरापेक्षा रिमला खातो: लोखंडी रिमची कड गंजली की टायर तिथे घट्ट बसत नाही आणि हवा हळूहळू जाते. पंक्चर सापडत नाही, हवा मात्र दर आठवड्याला कमी, अशी तक्रार असेल तर रिमची कड घासून बघायला सांगा.

टायरचं वय त्याच्या अंगावरच असतं. बाजूला ‘डीओटी’ने सुरू होणारी अक्षरं शोधा, शेवटच्या चार आकड्यांत पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. पाच वर्षांनंतर दर वर्षी जाणकाराकडून तपासून घ्या आणि दहाव्या वर्षी नक्षी कितीही असो, काढून टाका, असं मोठ्या कंपन्या सांगतात. आपल्या उन्हात मी सहाव्या वर्षापासूनच संशय घेतो. नवे घेताना चारही टायरवरचा आकडा वाचा. पाचवाही विसरू नका: डिकीतली स्टेपनी न वापरता दहा वर्षांची झालेली असते. (वेल्समधल्या लॅनेली गावी स्टेपनी स्ट्रीटवर १९०४ साली जादा चाकाचा धंदा सुरू झाला, त्या रस्त्याचं नाव आपल्याकडे अजून चालतं.)

सेकंडहँड टायरबद्दल एकच सांगतो: घेऊ नका. घासलेल्या कार टायरवर तापलेल्या हत्याराने चर पुन्हा कोरले की तो नवा दिसतो, पण चराखालचं रबर आणखी पातळ होतं.

७. बाजूवरची अक्षरं

१८५/६५ आर १५ ८८ एच. ही बाराखडी एकदा समजली की दुकानात कोणी बनवत नाही. १८५ ही मिलिमीटरमध्ये रुंदी. ६५ म्हणजे टायरच्या बाजूची उंची, रुंदीच्या ६५ टक्के. ‘आर’ म्हणजे रेडियल, आतले धागे आडवे विणलेले. १५ हा रिमचा व्यास, इंचात. ८८ म्हणजे एक टायर ५६० किलो पेलतो, आणि ‘एच’ म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतची मुभा, जी आपल्याला सिंधुदुर्गात लागणार नाही. पण वजनाचा आकडा मूळ टायरपेक्षा कमी कधीही घेऊ नये.

नंबर बदलायचाच असेल तर चाकाची एकूण उंची तीच राहिली पाहिजे. स्विफ्टच्या साध्या मॉडेलला १६५/८० आर १४ असतो, वरच्या मॉडेलला १८५/६५ आर १५. पहिल्याची उंची: रिम ३५५.६ मिलिमीटर, अधिक वरखालची रबरपट्टी १३२ दुणे २६४, मिळून ६२० च्या जवळ. दुसऱ्याची: ३८१ अधिक २४०.५, म्हणजे साधारण ६२१. जवळजवळ सारखीच, म्हणून दोन्ही चालतात.

आयएसआयचा शिक्का असायलाच हवा. २०२२ पासून केंद्र सरकारने ओली पकड, लोळण्याचा विरोध आणि आवाज या तीन बाबतींत टायरना किमान पातळी आखून दिली आहे. त्यापुढची तुलना करायला काही टायरवर ‘ट्रेडवेअर’ आणि ‘ट्रॅक्शन’ असे शब्द असतात. ट्रेडवेअरचा आकडा जितका मोठा, तितका झिजायला चिवट. पण तो कंपनी स्वतःच ठरवते, तेव्हा एका कंपनीचा आकडा दुसरीच्या आकड्याशी लावू नका. ट्रॅक्शनची अक्षरं एए, ए, बी, सी अशी उतरत जातात आणि ती ओल्या रस्त्यावर ब्रेक लावून ठरतात. कोकणासाठी मी ‘ए’च्या खाली उतरणार नाही. हिवाळी टायर ७ अंशांखालच्या देशांसाठी. आणि जाड बटणांचे जंगली टायर चिरेखाणीत रोज जाणाऱ्यासाठी. डांबरावर ते आवाज करतात आणि ओल्यात उशिरा थांबतात.

८. रुपये भागिले पावस

समजा दुकानात दोन टायर आहेत. ‘क’ची किंमत ४५०० रुपये, चालतो ३५ हजार किलोमीटर. ‘ख’ची ५६००, चालतो ५० हजार. चार टायरचे ‘क’ला १८ हजार, म्हणजे किलोमीटरला ५१ पैसे. ‘ख’ला २२,४००, म्हणजे ४५ पैसे. टायर घ्यायला कुडाळला गेलात तर हा हिशेब तुम्हाला ऐकवतील, आणि तो खोटा नाही. वर्षाला ४५ हजार किलोमीटर पर्यटकांना फिरवणाऱ्या टॅक्सीवाल्याचे ‘ख’मुळे तीन हजारांच्या आसपास वाचतात. त्याने ‘ख’च घ्यावा.

पण कट्ट्याच्या शाळेत जाणारे मास्तर वर्षाला ७ हजार किलोमीटर चालवतात. त्यांचा ‘क’ पाच वर्षांत झिजतो. ‘ख’ कागदावर सात वर्षं जातो. पण आपल्या उन्हात सहा वर्षांनी रबर कडक झालं म्हणून तो बदलावा लागला असं धरू. आता पावसाळ्यांनी भागा. ‘क’: १८ हजार भागिले पाच, एका पावसाला ३६०० रुपये. ‘ख’: २२,४०० भागिले सहा, एका पावसाला ३७३३. महागडा टिकाऊपणा मास्तरांना उलट महाग पडला, कारण ते तो वापरणारच नाहीत! त्यांनी जादा ११०० रुपये द्यायचेच असतील तर ओल्या पकडीसाठी द्यावेत. आणि हे ३६०० जास्त वाटत असतील तर आठवून बघा, तेच मास्तर वर्षाला ४० हजारांचं पेट्रोल जाळतात.

जुन्या बिलाशी भाव ताडून बघताना एक लक्षात ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या कार टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. पूर्वी करासकट १२८ रुपयांना पडणारा माल ११८ ला पडायला हवा.

९. दोनच घ्यायचे असतील तर

पुढची चाकं गाडी ओढतात, म्हणून पुढचे टायर आधी संपतात, आणि दोन नवे घेतले की दुकानातला पोऱ्या ते पुढेच चढवतो. त्याला थांबवा. नवे दोन मागे लावायचे आणि मागचे अर्धे झिजलेले पुढे आणायचे. पुढचं चाक घसरलं तर गाडी वळायला नकार देते; ते स्टिअरिंगवर जाणवतं, पाय आपोआप उचलला जातो आणि बहुतेक वेळा सावरता येतं. मागचं घसरलं तर गाडीचं ढुंगण पुढे यायला बघतं, आणि करूळच्या उतारावर ते सावरायला तुमच्याकडे रस्ताच नसतो.

बदलायचेच ठरलं तर मृगाची वाट बघू नका, मेच्या मध्यावर बदला. साच्यातून निघालेल्या नव्या टायरचा गुळगुळीतपणा जायला पहिले दोन-तीनशे किलोमीटर लागतात. मालवण-कुडाळच्या चार-पाच फेऱ्या. त्या कोरड्या रस्त्यावर झालेल्या बऱ्या.